परत येणाऱ्या काचा

३ जून

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडणार, असं धरूनच लिहितेय. पण फाडताना दोन ओळी तरी तुझ्या डोळ्यांखालून जातील. सामानाच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाहीस तू.

दोन वर्षं झाली. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. चांगलं केलंस. म्हणजे चांगलं नाही केलंस, पण मला समजतं. पत्र बंद करायची सोय मात्र अजून कुणी काढलेली नाही, म्हणून हा उद्योग.

बातमी अशी की मला काम लागलं. एका प्रयोगशाळेत संशोधन शिकाऊ. वर्षभर राबायचं, मग प्रयोगशाळेच्या मॅडम शिफारसपत्र लिहिणार आणि त्या पत्राच्या जोरावर मला पीएच.डी.ला प्रवेश मिळणार. माझे मार्क तुला माहीत आहेत. आईच्या वर्षी जे घसरले ते घसरले. आता मोठ्या विद्यापीठात त्या पत्राशिवाय मला कुणी दारात उभं करणार नाही. सगळं घोडं त्या एका कागदावर अडलंय.

जागा तिसऱ्या मजल्यावर आहे. लांबच लांब खोली, न उघडणाऱ्या खिडक्या, चार फ्रीजची घरघर. पहिल्या दिवशी मला एक मायक्रोस्कोप, एक स्टूल आणि एक पांढरा कोट मिळाला. कोट आधीच्या शिकाऊ मुलीचा. खिशावरची नावाची पट्टी उसवून काढलीय आणि टाक्यांची भोकं तशीच आहेत. भावजींनी बघितला असता तर लगेच म्हणाले असते, "हे कात्रीनं नाही काढलं, ओढून काढलंय." शिंप्याच्या घरात राहून तूही म्हणाली असतीस.

मी मॅडमना विचारलं, ती कुठे गेली? मॅडम म्हणाल्या, "तिला मोजणं जमलं नाही गं." आणि माझ्या हातात चहाचा कप दिला. स्वतः केलेला. एवढी मोठी बाई, पण तोरा म्हणून नाही.

तू शेवटचं मला म्हणाली होतीस, "तुला आकडे दिसतात, माणूस दिसत नाही." आता माझं कामच आकड्यांचं आहे. हस हवं तर.

तुझी,
बारकी


२८ जून

ताई,

पत्र परत आलं नाही. म्हणजे तू घेतलंस. फाडलंस का, ते विचारत नाही.

काम सांगते, नाहीतर तुला वाटेल मी इथे नुसता चहा पितेय. सांध्यांच्या दुखण्यावर एक नवीन औषध आहे. आमच्याकडे निम्म्या उंदरांना ते रोज देतात आणि निम्म्यांना नुसतं पाणी. मग दर महिन्याला काही उंदरांच्या यकृताची चकती कापतात, केसाहून पातळ. ती काचेवर चिकटवून रंगवतात. जिवंत पेशी फिकट दिसतात, मेलेल्या गडद गुलाबी आणि आक्रसलेल्या. मेलेल्या मी मोजायच्या. औषधानं यकृत बिघडतं का, एवढाच प्रश्न आहे.

हातात एक छोटं यंत्र असतं, पेशी दिसली की अंगठ्यानं दाबायचं, आकडा एकानं पुढे. मी त्याचं नाव टिकटिक्या ठेवलंय. हाही आधीचीचाच. बटणावर तिच्या अंगठ्याचा खळगा पडलाय, माझा अंगठा त्यात बरोबर बसतो.

काचेवरचा खरा क्रमांक चिकटपट्टीनं झाकलेला असतो. औषधवाल्या उंदराची कुठली आणि पाणीवाल्याची कुठली, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर डोळा हवं ते बघतो. याला आंधळी मोजणी म्हणतात. कुठली काच कुणाची याची यादी मॅडमच्या कपाटात, कुलुपात. माझ्यासारख्या आगाऊ मुलीलाही तिकडे फिरकायची परवानगी नाही.

गेल्या आठवड्यात एक गंमत झाली. मी चाळीस काचा मोजून आकडे दिले. दोन दिवसांनी सात काचा लाल पट्टीच्या ट्रेमध्ये माझ्या टेबलावर परत. म्हटलं, गेली नोकरी. पण मॅडम हसल्या. "अगं, नवशिकं माणूस घाबरून जास्तच मोजतं. धुळीचा कणसुद्धा त्याला मेलेला दिसतो. शांतपणे पुन्हा बघ." त्यातली एक काच मला आठवत होती, तिच्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा अडकलाय. पहिल्यांदा त्या काचेवर चव्वेचाळीस आल्या होत्या. पुन्हा मोजल्या, सदतीस आल्या. मॅडमनी परत एकदा बघायला लावलं. एकोणतीस!

खरंच कमी आल्या, ताई. मी लबाडी केली नाही. एखादी पेशी अर्धवट गुलाबी असली की पहिल्यांदा मी दाबत होते, आता नाही दाबत, एवढंच. मॅडम म्हणाल्या, "बघ, हात बसतोय." वहीत एकोणतीस लिहिलं, खाली माझी सही. घरी येताना मी जवळजवळ गात होते.

ही गोष्ट सांगायला मला दुसरं कुणी नाही.

बारकी


१६ जुलै

ताई,

तुझं कार्ड काल आलं. तू पाच ओळी लिहिल्यास. मी त्या इतक्यांदा वाचल्या की आता डोळे मिटून म्हणून दाखवीन.

भावजींची बोटं इतकी आखडलीत हे मला माहीत नव्हतं. वर्षभरापासून कात्री धरता येत नाही आणि दुकानात तू कापड कापतेस, ते नुसते बसून सांगतात, हे वाचून कसंतरीच झालं. त्या माणसानं मला शाळेचा गणवेश शिवून दिला होता, आणि बाही लांब झाली म्हणून मी रडले तर रात्रीतून उसवून पुन्हा शिवला होता.

आता तुझा प्रश्न. दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात नवीन औषधाच्या चाचणीत नाव घाला, आणि औषधाचं नाव वाचून तुला वाटलं की हेच ते, बारकी मोजते ते. हो ताई, हेच ते. तू बरोबर ओळखलंस.

मी लगेच उत्तर लिहिलं नाही. आधी मॅडमकडे गेले. त्यांना म्हटलं, माझ्या घरचाच माणूस आहे, खरं सांगा. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि तीन महिने औषध घेतलेल्या उंदरांचा तक्ता दाखवला. दोन खांब, एक औषधाचा, एक पाण्याचा. उंची सारखीच. ती मोजणी आधीच्या मुलीच्या वेळची. तिच्यावरच माणसांच्या चाचणीला परवानगी मिळाली. आता मी मोजतेय त्या त्याहून जास्त दिवस औषध घेतलेल्या उंदरांच्या काचा. मॅडम म्हणाल्या, "माझ्या सख्ख्या भावाला देईन मी हे." अशी बाई खोटं का बोलेल?

तर घ्या. नाव घाला. मी स्वतः मोजतेय, ताई.

आणि एक. आईचा विषय तू कार्डात काढला नाहीस, पण मी काढते. त्या संध्याकाळी तू म्हणत होतीस आत्ता दवाखान्यात नेऊ, आणि मी रिपोर्ट हातात घेऊन म्हटलं, आकडे ठीक आहेत, सकाळी जाऊ. कॉलेजात दोन वर्षं काय शिकले होते, लगेच शहाणपणा. सकाळ झालीच नाही. त्यानंतर तू मला काही विचारशील असं मला वाटलं नव्हतं. तू विचारलंस. देव तुझं भलं करो, असं म्हणायचं वय नाही माझं, पण म्हणते.

तुझीच,
बारकी


१९ ऑगस्ट

ताई,

भावजींनी सुईत दोरा ओवला! ओवला म्हणजे काय, स्वतः, चष्म्याशिवाय? पत्र वाचून मी मायक्रोस्कोपसमोरच मोठ्यानं "अगं बाई" म्हणाले, मॅडम आतून धावत आल्या. त्यांना सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत.

तू लिहिलंयस की आता त्यांना सूट शिवायचाय आणि पहिलं माप तुझंच घेणार म्हणून मागे लागलेत. घेऊ दे की. लग्नाला बारा वर्षं झाली म्हणून लाजायचं नाही असं थोडंच आहे?

इकडे मी पक्की झालेय. दिवसाला वीस काचा. ट्रे मात्र परत येतोच, दर आठवड्याला सहा-सात. बुडबुड्यासारख्या ओळखीच्या काही खुणा दिसतात, कुठे ओरखडा, कुठे घडी पडलेली चकती. मी सहज मॅडमना विचारलं, "जास्त आलेल्याच का परत येतात? कमी आलेल्या एकदाही आल्या नाहीत." मॅडम हसल्या. "जास्त मोजणारा घाबरट असतो. कमी मोजायला माणूस आळशी लागतो, आणि तू आळशी नाहीस." उत्तर इतकं छान होतं की मी खूश होऊन परत आले. जिना उतरताना वाटलं, हे उत्तर होतं की शाबासकी?

खाली तळमजल्यावर उंदरांचे पिंजरे आहेत. ते सांभाळणाऱ्यांना सगळे पिंजरेवाले काका म्हणतात. तीस वर्षं इथेच. त्यांना मी हीच गंमत सांगितली. ते उंदरांना दाणे घालत होते, थांबले.

"आधीचीही हेच विचारायची," म्हणाले.

"मग?"

"मग काय. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, पोरी. तू काचा मोज."

मी निघाले तर मागून म्हणाले, "डाव्या रांगेतले दाणे उरवतात. पूर्वी पिंजरा चाटूनपुसून साफ करायचे. मी वजनाच्या कागदावर लिहितो. वाचतं कोण, ठाऊक नाही."

डाव्या रांगेत औषधवाले की पाणीवाले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला कळता कामा नये, असा नियमच आहे ना.

भावजी जेवतात ना नीट?

बारकी


९ सप्टेंबर

ताई,

आज घाईत आहे. तब्येत बरी आहे. चहा जास्त होतोय.

भावजींचं कळव. जेवण कसं आहे? झोप? अंगाला खाज वगैरे? डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच आहे ना? मी आपलं सहज विचारतेय, इथे सगळे एकमेकांना हेच विचारत असतात, सवय लागलीय. त्यांची पुढची रक्ततपासणी कधी आहे? आधीच्या तपासणीचा कागद असेल तर पाठवशील का? मला शिकायला उपयोगी पडेल.

शिफारसपत्राची शेवटची तारीख तीस सप्टेंबर. मॅडम म्हणाल्या, पंचवीसपर्यंत लिहिते. त्यांच्या एका पत्रावर गेल्या सहाही शिकाऊंना प्रवेश मिळालाय. सहा म्हणजे, आधीची सोडून.

काल दुपारी ट्रे परत आला. त्यात सात काचा होत्या. मला वाटलं होतं दहा असतील. जाऊ दे, हे तुला काय कळणार. मी काय बडबडतेय.

सूट झाला का?

बारकी


१७ सप्टेंबर

ताई,

कागद मिळाला. तो सहा आठवड्यांपूर्वीचा आहे, त्यात सगळं ठीक आहे. पुढची तपासणी पाच ऑक्टोबरला, असं लिहिलंयस. जरा लांब आहे, नाही?

तू लिहिलंस की ते दुपारीही झोपतात, आणि ताटात अर्धं तसंच राहतं. "पूर्वी ताट चाटूनपुसून साफ करायचे," हे तुझे शब्द. मी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. पाठ खाजवायला त्यांनी लाकडी पट्टी घेतलीय, मापाची, आणि त्यावरून तुमची थट्टा चाललीय, तेही वाचलं.

हवा बदललीय, त्यानंही होतं. पाणी जास्त प्यायला सांग. जमलं तर तपासणी आधी करता येईल का विचार. घाबरायचं काही नाही. मी घाबरलेली नाही.

आणि ते शेवटचं वाक्य. "तू दर पत्रात त्यांची चौकशी करतेस, बरं वाटतं. आईनंतर मीच फार ताणलं." ताई, असं लिहू नकोस. निदान आत्ता लिहू नकोस. तुला माहीत नाही मी काय आहे ते. ताकाला जाऊन भांडं लपवणारी आहे मी.

पंचवीस तारीख होऊ दे. मग मोठं पत्र लिहिते, सगळं लिहिते.

बारकी


२७ सप्टेंबर, सकाळ, बसमध्ये

ताई,

गोळ्या बंद. आत्ताच्या आत्ता भावजींना मोठ्या दवाखान्यात ने. चाचणीच्या डॉक्टरांकडे नको, दुसऱ्या, मोठ्या. यकृताची तपासणी करा म्हणून सांग. गोळ्यांची डबी बरोबर घे. उरलेलं नंतर वाच.

हे पत्र मी दारात उभी राहून तोंड उघडायच्या आधी तुझ्या हातात देणार आहे. मला माहीत आहे, मी बोलायला लागले की आधी रडेन, मग कारणं सांगेन, आणि तेवढ्यात अर्धा तास जाईल. आईच्या वेळी असाच वेळ गेला होता.

परवाचं तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. डोळे पिवळे दिसतात. डॉक्टरांच्या मदतनिसानं सांगितलं, पाच तारखेला बघू. आणि पुढे तू लिहिलंस, "मला आत्ताच न्यावंसं वाटतंय. पण मागच्या वेळी मी तुला खूप बोलले. यावेळी तू म्हणशील तसं. तू मोजतेस, तुला कळतं. थांबू ना?"

नको थांबूस. तुझं तेव्हाही बरोबर होतं, आताही आहे.

काल तुला अकरा फोन केले. तू नंबर अजून बंदच ठेवलायस. दुकानाचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. दुकान का बंद होतं, ताई? शेवटची बस निघून गेली होती. चाचणीच्या दवाखान्यालाही फोन केला. माझं नाव विचारलं, हुद्दा विचारला. शिकाऊ म्हटल्यावर तिकडचा माणूस म्हणाला, "तुमच्या मॅडमशी बोलून घेतो." म्हणून ही पहाटेची बस.

आता कबुली. चार सप्टेंबरला मी मुद्दाम खोटं लिहिलं. चाळीस काचांच्या त्या गठ्ठ्यात तीन अगदी स्वच्छ काचा होत्या. चार-पाच मेलेल्या पेशी, बस्स. तिन्हींवर मी चाळीसच्या वरचे आकडे टाकले. मनात म्हटलं, मॅडम फक्त आकडा बघून काचा परत पाठवत असतील, तर या तिन्ही परत येतील. कारण नवशिकी घाबरट असते ना? आठ तारखेला ट्रे आला. खरोखर खराब असलेल्या सातही आल्या. माझ्या खोट्या तीन आल्या नाहीत.

तुला कळलं का? पाणीवाल्या उंदरांचा आकडा जास्त आला तर तो मॅडमना चालतो. औषधवाल्यांचा जास्त आला तरच काच परत येते. म्हणजे त्या कपाट उघडून, यादी बघून, एकेक निवडून पाठवतात. आंधळी फक्त मी होते. प्रत्येक काच मी प्रामाणिकपणे मोजली आणि तरी सगळी वही खोटी झाली. दुसऱ्यांदा बसवलेलं माणूस कमीच मोजतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तीस वर्षांचा अनुभव.

आणि माझं शहाणपण बघ. त्या तीन खोट्या आकड्यांनी पाण्याचा खांब आणखी उंच केला. मी पुरावा शोधायला गेले आणि औषध होतं त्याहून निर्धोक करून ठेवलं. खाली सही माझी. तो गठ्ठा पुढे गेलासुद्धा.

हे सगळं मला आठ तारखेला दुपारी चार वाजता कळलं होतं. नऊ तारखेचं पत्र पुन्हा काढून बघ. डोळे पांढरे आहेत ना, असं विचारणाऱ्या बाईला सगळं माहीत होतं. मी तेव्हाच का नाही लिहिलं? शिफारसपत्र जायचं होतं म्हणून. दुसरं काहीही कारण नाही. मी स्वतःला म्हणत राहिले, सगळ्यांनाच होत नसेल, भावजी दणकट आहेत, रक्ताचा कागद ठीक आहे, पंचवीसपर्यंत काय होतंय. सतरा तारखेला तुझं पत्र वाचून तर शंकाच उरली नाही, तरी मी "हवा बदललीय" लिहिलं. हे हातानं लिहिलं मी. टिकटिक्या दाबते त्याच हातानं.

काल मॅडमनी बोलावलं. पत्र धाडलं होतं, त्याची प्रत मला वाचून दाखवली. "मी आजवर पाहिलेल्या शिकाऊंमध्ये हिच्याइतका स्थिर हात कुणाचा नाही. हिचे आकडे मी डोळे मिटून स्वीकारते." मग प्रत घडी करून माझ्या खिशात ठेवली, त्या उसवलेल्या पट्टीच्या खुणेखाली, आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "अगं, त्या तीन काचा. चार तारखेच्या. जास्त मोजल्यास ना? मी बोलले नाही काही. होतं एखाद्याच्या हातून. पण सही तुझी आहे, म्हणून म्हटलं, पुढे सांभाळून." आणि चहा ओतायला वळल्या.

मी चहा प्यायले, ताई. तेही सांगून टाकते. कप धुऊन जागेवरही ठेवला.

मग खाली काकांकडे गेले. डाव्या रांगेचे पिंजरे रिकामे होते. मी म्हटलं, मला वजनाचे कागद द्या. त्यांनी वासे-बिसे काही काढले नाहीत. फळीवरून एक जुनी फाईल घेतली, माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाले, "आधीचीला नाही म्हटलं होतं मी." तेवढंच. फाईल माझ्या मांडीवर आहे. बुडबुड्याची काचही आहे, रुमालात गुंडाळलेली. चोरी आहे ती, असू दे. निघायच्या आधी शेवटची मोजून बघितली. सेहेचाळीस आल्या. पहिल्यांदा चव्वेचाळीस आल्या होत्या. पहिल्यांदाच माझं बरोबर होतं.

हे सगळं मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दे. चाचणीत आणखी दोनशे माणसं आहेत, त्यांच्यासाठी मी आज दुपारपासून सापडेल त्याला फोन करणार आहे. माझं नाव, माझी सही, माझे खोटे आकडे, सगळं सांगून. प्रवेश गेला तर गेला. त्याचं मला आज काही वाटत नाही, आणि वाटत असलं तरी तू विश्वास ठेवू नकोस.

माफ कर असं लिहिणार नाही. तू दार लावून घेतलंस तरी मी पायरीवर बसून राहीन, रिक्षा आणायला, फॉर्म भरायला, रक्त द्यायला कुणीतरी लागेल. बोलू नकोस माझ्याशी. नुसतं कामाला लाव.

बस तुमच्या गावच्या पुलावर आलीय. दुकानाची पाटी दिसतेय. शटर खालीच आहे.

तू पहिल्यांदा हेच विचारशील, म्हणून आधीच लिहून ठेवते: मला कळल्यापासून आजपर्यंत किती दिवस. एकोणीस. बसमध्ये पुन्हा मोजले, बोटांवर, एकेक तारीख घेऊन. एकोणीसच आले.

बारकी